पोटातली श्वानोमा : नजर ठेवायची की काढून टाकायची?

एंडोस्कोपीत जठराच्या भिंतीत गाठ दिसली, वरचं अस्तर गुळगुळीत, आणि डॉक्टर म्हणाले जिस्ट (पचनमार्गाच्या भिंतीतली, पसरू शकणारी गाठ) असेल नाहीतर श्वानोमा (नसांच्या आवरणातल्या पेशींची गाठ), अशा ठिकाणी अडकलेल्यांसाठी लिहितोय. मी आधी नजर ठेवून बघितलं आणि शेवटी ऑपरेशन केलं.

नजर ठेवणं चूक अजिबात नाही. श्वानोमा बहुतेक वेळा साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली असते, हळू वाढते. गाठ 2 सेंमीच्या आत, कडा नीट, त्रास काही नाही, तर चांगले डॉक्टरही थांबा म्हणतात. पोटाला भोक नाही, रजा नाही.

मला वैताग आला तो रिपोर्टचा. साध्या बायॉप्सीत नॉर्मल अस्तरच येतं, कारण गाठ खाली स्नायूच्या थरात असते. मग ईयूएस (एंडोस्कोपीतून आतून केलेली सोनोग्राफी) करून बारीक सुईने पेशी काढल्या, त्यात आलं 'स्पिंडल सेल ट्यूमर', म्हणजे लांबट, चातीसारख्या पेशींची गाठ, बस एवढंच! आता स्पिंडल सेल जिस्टमध्येही असतात आणि श्वानोमातही, आणि जिस्ट पसरू शकतो, म्हणजे ज्या प्रश्नासाठी सगळं केलं तो तसाच. पेशींमधली प्रथिनं तपासतात, त्यात एस-100 पॉझिटिव्ह आणि सीडी117, डॉग-1 निगेटिव्ह आलं की श्वानोमा, पण या टेस्टना पुरेसा तुकडा लागतो. पेट स्कॅननेही (जास्त साखर खेचणाऱ्या पेशी चमकताना दिसतात तो स्कॅन) सुटत नाही, श्वानोमा साधी असूनही त्यात चमकू शकते आणि घरातल्यांची झोप उडते. पुन्हा उपाशी राहा, पुन्हा गुंगीचं इंजेक्शन, आणि रिपोर्टच्या तळाशी पुन्हा तेच, जिस्ट नाकारता येत नाही.

शेवटी मी केलं ते लॅप्रोस्कोपिक वेज रिसेक्शन, म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन. त्यात गाठ आजूबाजूच्या थोड्या भिंतीसकट निघते, आणि अख्खी गाठ हातात आल्यावर पॅथॉलॉजिस्टला शंका राहिली नाही, गाठीभोवती लिम्फोसाइट्सचं (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं) कडंसुद्धा दिसलं, जे श्वानोमात बऱ्याचदा असतं. पूर्ण निघाली की केमो नाही, जिस्टवरची इमॅटिनिब गोळी नाही, परत येणं क्वचितच. नंतर काही दिवस थोडं थोडं खावं लागलं, दुखलंही, पण डोकं शांत झालं.

एंडोस्कोपीतूनही काढतात, लहान गाठीला बरं असेल, पण स्नायूच्या थरातलं काम म्हटल्यावर भोक पडायची भीती, म्हणून मी तिकडे गेलो नाही. अर्थात गाठ अन्ननलिकेच्या तोंडाशी किंवा जठराच्या खालच्या दाराशी असेल तर वेज सोपं नाही, तिथे सर्जनचंच ऐका.

तब्येत, वय बघून थांबायचंच ठरलं तर निदान पुढच्या ईयूएसला एफएनए (बारीक सुईने नुसत्या पेशी काढणं) न करता एफएनबी (सुईने केलेली बायॉप्सी) होईल का विचारा, त्या सुईने सलग तुकडा येतो आणि एस-100 लावता येतं.