जबड्यातली दोन टेंगळं आणि माझा मूर्खपणा

दात साफ करून घ्यायला गेले होते, एवढंच. खुर्चीत आडवी झाले, आ केला. डॉक्टरांनी आरसा आत घातला आणि ते एकदम गप्प झाले.

"हे कधीपासून आहे?"

"काय?"

उत्तर नाही. त्यांनी बारका कॅमेरा तोंडात सरकवला आणि समोरच्या पडद्यावर माझा खालचा जबडा आतून दिसू लागला. जिभेच्या दोन्ही अंगांना, हिरडीच्या खाली, एकेक गुळगुळीत टेंगूळ. प्रत्यक्षात वाटाण्याएवढं असेल, पडद्यावर लिंबाएवढं दिसत होतं. आयुष्यभर माझी जीभ त्यावरून फिरली असणार, पण मला कधी काही जाणवलं नव्हतं.

"मी कॅन्सर म्हणत नाहीये," ते म्हणाले, "पण ग्रोथ आहे. ठेवून चालणार नाही."

त्यातलं 'नाहीये' मला ऐकूच आलं नाही. मला ते ऐकू जायला त्यांनाही नकोच होतं, हे आता कळतं.

तिथून मला शेजारच्या खोलीत बसवलं. पांढरा कोट घातलेल्या एका मुलीने विचारलं, "घरात कोणाला कॅन्सर झालाय का?" मामाला तोंडाचाच झाला होता, तंबाखूने. मी मान हलवली. तिने काही न बोलता ते लिहून घेतलं. ती डॉक्टर नव्हती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आज आगाऊ रक्कम भरली तर सवलत, उद्या नाही. मी भरली. घरी फोनसुद्धा केला नाही.

आठवड्याने डाव्या टेंगळाचा तुकडा तपासणीला काढला. ती जखम महिना उलटला तरी भरेना. पाणी पिताना डोळ्यांतून पाणी. टेंगळावरची कातडी कागदासारखी पातळ असते आणि तिथे रक्तपुरवठा बेताचाच, म्हणून साधा ओरखडाही लवकर भरत नाही. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. रिपोर्टबद्दल फोनवर एवढंच सांगितलं, "आत्ता काही नाही, पण पुढे बदलू शकतं. ऑपरेशन करून टाकू." प्रत मागितली तर म्हणे ती फाइलला लागते. आजाराचं नाव कागदावर लिहून द्या म्हटलं, तर डॉक्टर बाहेर गेलेले. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा बाहेर. तेव्हा कुठे माझं डोकं चालू झालं.

नवऱ्याने तिथे ठाण मांडून रिपोर्ट मिळवला. त्यात सरळ लिहिलं होतं: सामान्य घट्ट हाड, घातक पेशी नाहीत.

तो कागद घेऊन आम्ही दुसऱ्या एका ओरल सर्जन बाईंकडे गेलो. त्यांनी हातमोजा घातला, बोट आत घालून दोन्ही टेंगळं चाचपली आणि पहिला प्रश्न विचारला, "रात्री दात खाता का?"

मी नाही म्हणायच्या आत नवरा म्हणाला, "खाते. करकर आवाज येतो."

त्या हसल्या. टोरस म्हणतात याला, त्या म्हणाल्या. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला असतो तो टोरस मँडिब्युलॅरिस, बहुतेक वेळा दोन्हीकडे. टाळूच्या मधोमध येतो तो टोरस पॅलाटायनस. हाडच ते, जरा जास्तीचं. काहीसं घराण्यातून येतं, दात खाण्याच्या दाबाचाही त्यात हात असावा असं मानतात. वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं, दुखत नाही, आणि त्याचा कॅन्सर होत नाही. कवळी बसत नसेल, तिथे सारखं सोलवटत असेल, बोलताना-खाताना अडत असेल, तरच काढायचं. काढताना जिभेच्या नसेला किंवा लाळेच्या नळीला इजा होण्याची शक्यता असते, त्यामुळे उगाच हात लावायचा नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट गटाची औषधं घेणाऱ्यांनी तर तोंडात कुठलीही शस्त्रक्रिया ठरवण्याआधी ते सांगितलंच पाहिजे. त्यांच्यात जखम न भरता हाड उघडं राहू शकतं.

मी विचारलं, "मग घाबरायचं केव्हा?" दोन आठवड्यांत न भरणारी जखम, मऊ किंवा भराभर वाढणारी गाठ, रक्त येणं, ओठ बधिर होणं, दात आपोआप हलायला लागणं, असं काही असेल तर लगेच दाखवायचं, त्या म्हणाल्या. माझी डावीकडची जखम पहिल्या डॉक्टरांनी केलेल्या कापाकापीची होती, तिला वेळ द्यायचा. जबड्यात अशा हाडाच्या गाठी खूप ठिकाणी असतील तर मात्र आतड्यांचीही तपासणी करायला सांगतात, कारण क्वचित त्यामागे आनुवंशिक आजार निघतो. माझ्या दोनच होत्या.

घरी येऊन आईला आ करायला लावलं. टाळूच्या मधोमध उंचवटा! "लहानपणापासून आहे की," ती म्हणाली, "त्यात काय बघायचं?"

लेखी तक्रार करीन म्हटल्यावर आगाऊ रकमेतले थोडे पैसे परत आले. तुकड्याचे आणि तपासणीचे गेलेच. मी सही केलेल्या कागदावर 'जबड्यातील गाठ काढणे' असं लिहिलं होतं. टोरस हा शब्द त्या फाइलमध्ये कुठेच नव्हता. तुम्हाला कोणी तोंडातलं काही कापायला सांगितलं, तर त्याचं नाव कागदावर मागा आणि तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

उजवीकडचं टेंगूळ अजून तसंच गुळगुळीत आहे. डावीकडे बारीक खाच पडलीय, आणि बोलता बोलता जीभ नेमकी तिथेच जाते.