व्हेनिसची गोंडोला-सफर: नावाजली जाते तितकी मोलाची नाही

गोंडोलात, म्हणजे तिथल्या लांबट वल्हवायच्या नावेत, बसल्यावाचून व्हेनिस पाहिलेच नाही, हा आपल्याकडील अनेक प्रवाशांचा समज मला या सफरीनंतर पटेनासा झाला. दिवसा अर्ध्या तासाचा अधिकृत दर ९० युरो आहे, तोही माणशी नव्हे तर पूर्ण नावेचा. मात्र आमचा बराचसा वेळ अरुंद कालव्यात इतर नावांच्या रांगेमागेच गेला, आणि गाणे या दरात धरलेले नसल्याने नावाडी गातो ही समजूतही खोटी ठरली. नाव मात्र खरोखर देखणी आहे: एकाच वल्ह्यावर ती सरळ चालावी म्हणून तिची डावी बाजू उजवीपेक्षा रुंद बांधतात. ग्रँड कॅनॉल या शहराच्या मुख्य कालव्यावरील जुने वाडे निवांत पाहायचे असतील, तर १ क्रमांकाची व्हापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक जलबस, मी निःसंकोच सुचवेन.