‘तुमच्या रेझ्युमेचा स्कोअर कमी आहे’ असा फोन आला तर

नोकरीच्या पोर्टलवर रेझ्युमे टाकून दोन दिवस होत नाहीत तोच फोन येतो. सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या डिप्लोमा-आयटीआय झालेल्या पोरांनी हे बोलणं नीट ओळखून ठेवावं : “पुण्याच्या कंपनीत तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालंय, पण एटीएस स्कोअर शंभरात अडतीसच आहे. आज रेझ्युमे अपडेट केला नाही तर नाव कटेल.” पाठोपाठ व्हॉट्सॲपवर १,४९९ रुपयांचा क्यूआर कोड.

एटीएस म्हणजे अर्ज सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते रेझ्युमेतला मजकूर उचलून नाव, नंबर, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत भरतं आणि एचआरवाले त्यात शब्द टाकून शोधतात. सगळ्या कंपन्यांना लागू पडेल असा एकच स्कोअर नसतोच. अडतीस हा आकडा घाबरवण्यासाठी ठोकून दिलेला असतो.

पैसे भरल्यावर मिळणारा रेझ्युमे देखणा असतो : दोन कॉलम, फोटो, कौशल्यांपुढे पाचपैकी चार चांदण्या. पुष्कळदा ते सगळं पान म्हणजे एक चित्रच असतं. तपासायला मिनिटही लागत नाही. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काहीच आलं नाही, तर सॉफ्टवेअरलाही बहुधा काही दिसणार नाही. डाव्या कॉलमची ओळ उजव्या ओळीत घुसली, तर तिथंही तोच गोंधळ होऊ शकतो. मोबाइल नंबर हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या पट्टीत टाकला तर काही सिस्टिम तो वाचतच नाहीत. म्हणजे पैसे देऊन आधीपेक्षा वाईट रेझ्युमे पदरात पडतो, याचाच जास्त संताप येतो.

खरं काम शब्दांचं आहे आणि ते ज्याचं त्यालाच जमतं. ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड’ असं लिहून कोणी शोधात सापडत नाही. ‘व्हीएमसी ऑपरेटर, फॅनुक कंट्रोल, २ वर्षं, टूल ऑफसेट, जॉब सेटिंग, मायक्रोमीटर व बोअर गेजने तपासणी’ असं लिहिलं तर सापडतो. जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरा, पण येत असेल तरच. एक कॉलम, साधा फॉन्ट, एक-दोन पानं, बस्स. आधार नंबर, पॅन, पूर्ण पत्ता, जन्मतारीख रेझ्युमेवर नको. गावाचं नाव पुरतं.

या फसवणुकीचा दुसरा हप्ता याहून घातक. “दीड वर्षाचा अनुभव दाखवू, सर्टिफिकेटही देऊ,” असं सांगतात. बऱ्याच कंपन्या पडताळणीत यूएएनची, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरची, सर्व्हिस हिस्ट्री मागतात; कुठल्या कंपनीत कधी काम केलं ते त्यात दिसतं. ज्या कारखान्यानं पीएफ भरलाच नाही त्याचं नाव तिथं येणार कुठून? हातची नोकरी जाते ती उमेदवाराची, सर्टिफिकेट विकणारा तोवर नंबर बदलून मोकळा. ‘प्रोफाइल आम्हीच अपडेट करतो’ म्हणून ओटीपी मागितला तर मुळीच देऊ नका. लॉगिन हातात आलं की नंबर आणि ईमेल बदलता येतो. आधारची प्रत द्यायचीच वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

मग मुलाखतीची फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ‘रिफंडेबल’ म्हणून. रिफंड पाठवतो म्हणत यूपीआय पिन टाकायला सांगतात. पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, घरच्यांनीही पोराला बोल लावत वेळ घालवू नये. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार गेली तर ती गोठवता येण्याची शक्यता राहते. यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर (व्यवहाराचा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका, आलेल्या क्यूआर कोडचा आणि नंबरचा स्क्रीनशॉट काढा. आणि पोर्टलवर जाऊन तिथला मोबाइल नंबर, ईमेल अजून तुमचाच आहे ना हे बघून पासवर्ड बदला.