तीन शिफ्ट सांभाळून एनपीटेलचा सिक्स सिग्मा कोर्स केला, कसा वाटला

मी चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे, डिप्लोमावाला. एनपीटेलवर (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स देणारा सरकारी उपक्रम) आयआयटी खरगपूरचा सिक्स सिग्माचा, म्हणजे प्रोसेसमधला फरक आणि दोष आकडेवारीने कमी करायच्या पद्धतीचा, १२ आठवड्यांचा कोर्स केला, कंपनीतले बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय.

त्याआधी एका खासगी ॲपवर असाच कोर्स हप्त्यावर घेतला होता, नाव घेत नाही. पैसे भरेपर्यंत रोज फोन, नंतर शंका विचारली तर कोणी उत्तर देईना, आणि "कधीही बघा" म्हटल्यामुळे तो कधी बघून झालाच नाही.

एनपीटेलला शिकणं फुकट, पैसे फक्त परीक्षेचे, मी भरले तेव्हा १००० रुपये होते. सर्टिफिकेट नको असेल तर परीक्षा नाही दिली तरी चालते, पण मी म्हणेन द्याच. दर आठवड्याची असाइनमेंट तारखेच्या आत टाकायची आणि शेवटी सेंटरवर जाऊन तीन तासांचा पेपर, या धाकानेच माझा कोर्स पूर्ण झाला. १२ पैकी सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, त्यामुळे नाईटच्या आठवड्यांत माझ्या दोन राहिल्या तरी काही बिघडलं नाही, शिफ्टवाल्याला हा केवढा आधार आहे! असाइनमेंटला २५ मार्क, परीक्षेला ७५, पण पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात.

आता शिकलो काय. सीपीके, म्हणजे प्रोसेस ठरलेल्या मर्यादेत किती नीट बसते ते सांगणारा आकडा, मी चार वर्षं एक्सेलमध्ये भरत होतो, कस्टमरला १.३३ च्या वर दाखवायचा एवढंच माहीत. प्रोसेसच स्टेबल नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही, आधी कंट्रोल चार्ट (वेळेनुसार मापं मांडून प्रोसेस स्टेबल आहे का ते दाखवणारा आलेख) बघायचा, हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं. मग गेज आर अँड आरचं (मोजण्यामुळेच किती फरक पडतो ते तपासायची पद्धत) लेक्चर ऐकून आमच्या बोअर गेजची, म्हणजे भोकाचा व्यास मोजायच्या साधनाची, स्टडी परत घेतली, ३ ऑपरेटर, १० पार्ट, आणि जो फरक आम्ही मशीनच्या माथी मारत होतो त्यातला बराचसा मोजण्यातच निघाला. त्या दिवशी खरंच भारी वाटलं.

लेक्चर इंग्रजीत आहेत, मी स्पीड कमी करून ऐकायचो. डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्सच्या (कुठल्या सेटिंगचा किती परिणाम होतो ते ठरवून चाचण्या घेऊन शोधायचा भाग) आधी स्टॅटिस्टिक्सची उजळणी करून घ्या, नाहीतर जड जातं.

बॅच जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो बरं का, नुसतं एनरोल करून चालत नाही, आमच्या लाइनवरच्या एकाचा तसाच राहून गेला.