केळी दुबईला: एफओबी की सीआयएफ?

रावेरच्या एका केळीवाल्या भावाला दुबईच्या खरेदीदाराने विचारलं, भाव एफओबी देता की सीआयएफ? तो अडकला.

खर्चाचं सोपं आहे. एफओबीत (फ्री ऑन बोर्ड) न्हावाशेवा बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आपला. सीआयएफमध्ये (कॉस्ट, इन्शुरन्स, फ्रेट) दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंतचं जहाजभाडं आणि विमाही आपलाच, म्हणून भाव चढा लावायचा.

जोखमीत मात्र भलेभले फसतात. सीआयएफ म्हणजे दुबईपर्यंत जबाबदारी आपली, असं नाही. दोन्हींत माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. आणि सीआयएफमध्ये बंधनकारक असतो तो किमान विमा. जहाज बुडालं, आग लागली तर तो कामाचा. पण रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरचं मशीन बंद पडून १३-१४ अंशांवरची केळी पिकली, तर त्यात भरपाई नाही. मशीन बंद पडल्याच्या भरपाईचं कलम विम्यात वेगळं मागून घ्या.

दगदग सीआयएफमध्ये जास्त: जहाजाची जागा, भाडं, विमा सगळं आपल्याच गळ्यात.

पहिल्यांदाच माल पाठवणाऱ्याने एफओबी धरावं. त्यातही कंटेनर यार्डात पडून राहतो तेवढा वेळ जोखीम आपलीच, म्हणून एफसीए (फ्री कॅरिअर: माल ठरल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम खरेदीदाराची) मिळालं तर उत्तम. ज्याचे वर्षभर नियमित कंटेनर जातात, ज्याला भाड्यात घासाघीस करता येते, त्याला सीआयएफ परवडतं.