वाफगावची इतिहास-सहल: यशवंतराव होळकरांच्या जन्मगावी

इंदूरच्या होळकर घराण्यातील मराठा सेनानी यशवंतराव होळकरांचा जन्म १७७६ साली खेड तालुक्यातील वाफगावी झाला. तेथील भुईकोट किल्ल्यात एक अभ्यासगट दिवसभराची सहल नेतो. या सहलीची जमेची बाजू म्हणजे तिचे मार्गदर्शक. तटाच्या सावलीत उत्तर हिंदुस्थानचा मोठा कापडी नकाशा अंथरून ते यशवंतरावांची इंग्रजांविरुद्धची १८०४ ची मोहीम नद्या, घाट आणि पावसाच्या हिशेबाने उलगडून दाखवतात.

माळव्याच्या तोंडापर्यंत आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल मॉन्सनला गुजरातेतून मदत येणार नाही हे कळले, धान्यही आटले आणि जुलैमध्ये तो मुकुंदरा घाटातून मागे फिरला. पुढे दोन महिने यशवंतरावांच्या घोडदळाने कंपनीच्या कवायती पलटणींची पाठ सोडली नाही. चिखलात रुतलेल्या तोफा टाकून, दुथडी भरलेल्या चंबळ आणि बनास ओलांडून आग्र्याला पोहोचेपर्यंत त्या फौजेची वाताहत झाली होती. रसद आणि भूगोल हेच यशवंतरावांचे खरे शस्त्र होते, हे इतक्या स्पष्टपणे मी प्रथमच ऐकले.

अडचणीचे प्रसंगही येथे टाळले जात नाहीत, याचे मला विशेष मोल वाटते. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा यशवंतरावांनी केलेला पराभव, त्यानंतर दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी केलेला तह आणि नोव्हेंबर १८०४ मध्ये फर्रुखाबादेस इंग्रज सेनापती लेकने यशवंतरावांच्या गाफील छावणीवर घातलेला छापा, हे सारे सविस्तर सांगितले जाते. लेकचे चार हल्ले परतवणाऱ्या भरतपूर किल्ल्याच्या वेढ्यालाही पुरेसा वेळ मिळतो.

जेवण साधे आणि रुचकर होते. मात्र सहलीचा शेवट फार घाईत उरकला जातो. डिसेंबर १८०५ मध्ये इंग्रजांशी झालेल्या राजघाटच्या तहापाशीच कथन जवळजवळ थांबते. तहानंतरही स्वस्थ न बसता माळव्यातील भानपुऱ्यात तोफांचा कारखाना उभारून नवी फौज घडवणारे आणि १८११ मध्ये तेथेच देह ठेवणारे यशवंतराव दोन वाक्यांत संपवणे मला अन्यायाचे वाटते. आयोजकांनी दुपारच्या विश्रांतीतील अर्धा तास या पर्वाला द्यावा आणि सहभागींना मिळणाऱ्या टिपणातही भानपुऱ्याची नोंद घ्यावी. हा दोष धरूनही, युद्धशास्त्राच्या अंगाने मराठ्यांचा इतिहास समजून घेऊ इच्छिणाऱ्यांनी, विशेषतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी, ही सहल जरूर करावी.