कॅमेलिअनचं खाणं आणि किड्यांचं गटलोडिंग : ठाण्यातल्या फ्लॅटमधला अनेक महिन्यांचा अनुभव

आमच्याकडे व्हेल्ड कॅमेलिअन म्हणजे परदेशी रंग बदलणारा सरडा आहे, नर, नाव पोपट्या, आता पूर्ण वाढलाय. मूळ येमेन आणि सौदीच्या नैऋत्य भागातली ही जात. कागदपत्रं आहेत आणि परदेशी प्राणी पाळण्याच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केलेली आहे, हे आधीच सांगते कारण हे पाळणं कायदेशीर आहे का हाच पहिला प्रश्न येतो. आपला देशी घोयरा सरडा मात्र वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो धरून घरी आणायचा नाही, कुणी विकत देत असेल तरी घ्यायचा नाही, विषय संपला.

तर गटलोडिंग म्हणजे किडा सरड्याला देण्याच्या आधी एक-दोन दिवस त्या किड्याचं पोट चांगल्या खाण्याने भरून घ्यायचं. ऐकायला साधं वाटतं पण बहुतेक लोक दुकानातून किडे आणतात, वर कॅल्शियमची पावडर भुरभुरवतात आणि देऊन टाकतात. आणलेला किडा कित्येक दिवस कोंड्यावर नाहीतर पुठ्ठ्यावर जगलेला असतो, त्याच्या पोटात काहीच नसतं. आणि किड्यांची मूळ गडबड अशी की त्यांच्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम फार कमी, क्रिकेटमध्ये (म्हणजे रातकिड्यांमध्ये) तर फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट, आणि सरड्याला हवं असतं नेमकं उलटं, साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. हे वर्षभर बिघडलेलं राहिलं की हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो, फांदीवरची पकड सुटायला लागते. एमबीडी म्हणतात त्याला, मेटाबॉलिक बोन डिसीज. एकदा पाय वाकले की ते परत सरळ होत नाहीत, म्हणून हे सगळं आधीच करायचं असतं.

आता किड्यांबद्दल. क्रिकेट आणि डुबिया दोन्ही बरेच महिने घरी ठेवलेत. क्रिकेट पोपट्याला जास्त आवडतात, उड्या मारतात ना, जीभ लगेच सुटते. पण क्रिकेटचा डबा जरा ओला राहिला की वास मारतो आणि मग सगळे पटापट मरतात, रात्रभर आवाज तो वेगळाच, आणि उरलेले क्रिकेट पिंजऱ्यात रात्री राहिले तर झोपलेल्या सरड्याला चावतात, हे फार लोकांना माहीत नसतं. डुबिया म्हणजे झुरळच, पण आपल्या ओट्यावरचं नाही, दक्षिण अमेरिकेतलं. गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही, आवाज नाही, वास जवळपास नाही. सासूबाईंचा सुरुवातीला कडक विरोध होता, घरात झुरळं विकत आणून पाळायची म्हणजे काय, पण झाकणाला जाळी लावलेला उंच डबा आणि आत अंड्यांचे ट्रे उभे लावलेले बघितल्यावर त्या शांत झाल्या आणि आता भाजी निवडताना शेवग्याच्या पाल्याचे जून देठ त्याच बाजूला काढून ठेवतात. ठाण्याची हवा डुबियाला इतकी मानवते की वर्षातले बहुतेक महिने हीटर लागत नाही, फक्त डिसेंबर-जानेवारीत पिल्लं कमी होतात. एकच गोष्ट, डबा साफ करताना मास्क लावा, झुरळांच्या विष्ठेची आणि कातीची ॲलर्जी होऊ शकते, घरात कुणाला दमा असेल तर डबा गॅलरीत ठेवा.

सुपरवर्म नावाच्या मोठ्या अळ्या ॲक्वेरियमच्या दुकानात सहज मिळतात कारण अरोवाना माशाला तेच देतात, पण त्यात फॅट खूप, म्हणून कधीतरी एखादा, रोजचं जेवण नाही. आणि ते फ्रिजमध्ये ठेवू नका, त्यांच्याहून लहान मीलवर्म अळ्या फ्रिजमध्ये टिकतात पण सुपरवर्म थंडीने मरतात.

सगळ्यात जास्त फरक पडला तो भाजीने, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की महागडी पावडर घेण्याआधी भाजी नीट करा. बाहेरच्या गटलोडिंगच्या याद्यांमध्ये कोलार्ड, डॅन्डेलियन असली नावं असतात आणि लोक ती शोधत बसतात, गरजच नाही. जांभळी नाक्याला जा, मुळ्याचा पाला बघा, बरेचदा भाजीवाल्या मावशी मुळे विकून पाला तसाच टाकतात, मागितला तर देतात. मोहरीचा पाला थंडीत मिळतो. आणि शेवग्याचा पाला तर सोनं आहे, १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, पावसाळ्यात कोवळा फुटतो, गोकुळाष्टमीला आपण त्याची भाजी करतोच, तोच डुबियाला द्या, काड्या तेवढ्या उरतात. सोबत किसलेलं गाजर, लाल भोपळा, रताळं, कधी पपई. हे रंगाचे पदार्थ कॅरोटिनसाठी. पालक, राजगिरा, माठ मी रोज देत नाही, त्यात ऑक्झलेट जास्त, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि सरड्याच्या उपयोगाला येऊ देत नाही. अळू तर अजिबात नाही.

भाजी धुवायची म्हणजे नुसती नळाखाली धरायची नाही, पाण्यात बुडवून दोन-तीनदा पाणी बदलायचं, कारण ज्या औषधाने शेतातले किडे मरतात त्याने आपलेही मरणार. नवीन ठिकाणची भाजी असेल तर मी आधी चार-पाच बारीक डुबिया वेगळ्या वाटीत काढून त्यांना खायला घालते आणि सकाळी बघते, ठणठणीत असले तरच बाकीच्यांना. ही सवय लावून घ्याच. आणि पावसाळ्यात गल्लीत धूरफवारणीची गाडी आली किंवा सोसायटीत पेस्ट कंट्रोल असलं की खिडक्या लावून किड्यांचा डबा आतल्या खोलीत न्यायचा, सरड्यालाही. त्याच कारणाने बाहेरून पकडलेला किडा द्यायचा नाही, तो काय खाऊन आलाय कळत नाही, वर जंत असतात ते वेगळंच.

पावसाळ्यातली दुसरी डोकेदुखी म्हणजे बुरशी. जूनपासून हवाच इतकी दमट की संध्याकाळी घातलेलं गाजर सकाळी चिकट. म्हणून भाजी संध्याकाळी थोडीच घालायची, सकाळी उरलेली काढायची, आणि मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा. डब्याच्या आत पाण्याची वाटी ठेवली तर बारीक किडे बुडतात, भाजीतूनच पाणी मिळतं. दुकानातले रंगीत जेली क्यूब मी बंद केलेत, त्यात पाणी सोडून फारसं काही नसतं.

कोरडं खाणं मी घरीच करते : शेवग्याच्या पाल्याची पावडर, स्पिरुलिना (शेवाळाची पावडर), थोडे तीळ, थोडे ओट्स, मिक्सरमधून काढून बरणीत. ते कायम डब्यात असतं, भाजी ताजी वरून. दुकानदार कुत्र्याचं किंवा मांजराचं खाणं घाला सांगतात, मला ते पटत नाही, जास्त प्रोटीन दिलं की डुबियाच्या अंगात युरिक ॲसिड साठतं आणि ते पुढे सरड्याच्या पोटात जातं, गाऊटचा, म्हणजे ते ॲसिड सांध्यांत साठण्याच्या आजाराचा धोका.

भाजी असली तरी पावडर लागतेच, ती पूर्ण सोडू नका. माझं असं चालतं, साधं बिना-डी३ चं कॅल्शियम जवळजवळ प्रत्येक वेळी अगदी हलकं, डी३ वालं आणि मल्टिव्हिटॅमिन पंधरवड्यातून एकेकदा. डी३ आणि व्हिटॅमिन ए जास्त झालं तर तेही विषारी, म्हणून जास्त म्हणजे चांगलं असं नाही. ए कमी पडलं तर डोळे सुजतात, मिटलेले राहतात, जीभ नीट सुटत नाही, कात अर्धवट राहते, असं काही दिसलं तर स्वतः औषध न करता एक्झॉटिक म्हणजे असे वेगळे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. आणि यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) देणारी ट्यूब नसेल तर हे सगळं कॅल्शियम पचणारच नाही. आमच्याकडे टी५ एचओ प्रकारची ट्यूब आहे, वर जाळी. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. ट्यूब पेटत राहिली तरी आतली यूव्हीबी हळूहळू कमी होते म्हणून ठरल्या वेळेला बदलायची, हा खर्च धरूनच चाला.

किती द्यायचं हा प्रश्न मला नेहमी विचारतात. पिल्लाला रोज, मोठ्या नराला एक दिवसाआड तीन-चार किडे पुरतात, किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पोपट्या मागतोच, मला बघितलं की पुढे येतो, पण तेवढ्याने द्यायचं नाही. मादी असेल तर याहून जपून, कारण व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी घालते, आणि जास्त खायला घातलं की अंडी जास्त, शरीर पोखरून निघतं. तिला वाळू-मातीची अंड्यांची कुंडी द्यावीच लागते.

मी किडे कपातून देते, उंच प्लास्टिकचा कप, आत जाळीचा तुकडा म्हणजे किडा वर चढतो आणि दिसतो. डुबिया मातीत सोडलं तर लपून बसतं, मग खाल्लं की नाही कळत नाही, कपात उरले किती ते लगेच कळतं. खाणं कमी झालं तर पहिली खबर मला इथून लागते, दुसरी विष्ठेवरून, पांढरा भाग पांढराच हवा, नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय, मिस्टिंग म्हणजे पिंजऱ्यातली पाण्याची बारीक फवारणी वाढवा.

फरक काय दिसला तर पकड घट्ट आहे, कात एका दिवसात निघते, जीभ लांबून नेम धरून सुटते, मागच्या तपासणीत डॉक्टरांनी एक्स-रे बघून हाडं छान भरलीयत सांगितलं. खर्चाचं म्हणाल तर डुबियाची वसाहत एकदा लागली की किडे विकत आणणं जवळपास बंद होतं, भाजी घरातलीच, पैसे जातात ते ट्यूब, पावडर आणि डॉक्टर यावर.

आता ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या सुरू करायचा विचार आहे, त्यांच्यात मुळातच कॅल्शियम चांगलं असतं. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात त्या आपोआप होतात आणि शेजारच्या काकांनी त्याच घेऊन जा म्हणून सांगितलं, पण त्या कचऱ्यात काय काय पडतं माहीत नाही, त्यामुळे त्या नको. वेगळ्या बादलीत आपल्याच घरच्या भाजीच्या सालींवर वाढवणार आहे, पाऊस संपला की.